ऊठ, तुझा बाप आलाय

३ ऑक्टोबर १९३४

आलो एकदाचे ताझरूतला. शेवटचा चढ मी पायी चढलो. दहबिया खेचरावर बसून मला हसत होती, कारण मास्तरांचे, म्हणजे माझे, नवे कोरे बूट पहिल्याच ओढ्यात भिजून फुगले होते. पाचव्या महिन्यातल्या बायकोला एवढा प्रवास झेपेल का, या काळजीने मी अर्धा झालो होतो. ती मात्र वाटेत डुलक्या काढून टवटवीत उतरली.

स्वागत असं झालं, की कोणी बडा माणूस आपल्या मागून येतोय की काय म्हणून मी वळून पाहिलं. गावाच्या तोंडाशी बायका ओळीने उभ्या होत्या. त्यांनी जिभा हलवून असा गजर केला, की खेचर बुजलं. म्हाताऱ्यांनी माझा हात हातात घेतला तो सोडेचनात. बार्लीची गरम रोटी, लोणी, वाटीभर मध. पोरं पुढे पळत ओरडत होती, "पाव्हणं आलं, पाव्हणं आलं!"

इथली बोली आणि आमची अल्जीरियातली कबाइली बोली बहिणी-बहिणी आहेत. निम्मं कळतं, निम्मं अंदाजाने घ्यायचं. 'पाव्हणा' हा शब्द मात्र जसाच्या तसा आमचाच. कानाला घरचा वाटला.

साहेबांनी मला मोरोक्कोच्या या डोंगरात पाठवलं ते या बोलीपायीच. इथल्या पोरांना फ्रेंच शिकवायला फ्रेंच माणूस मिळत नाही, मिळाला तर पहिल्या बर्फात पळतो. म्हणून अल्जीरियातून आम्हा कबाइली मास्तरांची आयात होते. आम्ही स्वस्त, डोंगराची सवय असलेले, वरून तक्रार न करणारे. साहेबांच्या लेखी आम्ही पुरते साहेब नाही आणि इथल्यांच्या लेखी पुरते आपले नाही. पण आज मध खाताना याचा साफ विसर पडला होता.

शाळेला लागून दोन खोल्या मिळाल्यात. खिडकीतून देवदारांचं रान दिसतं. दहबिया म्हणते, पोर इथे जन्मलं तर त्याची छाती मोठी होईल.

७ ऑक्टोबर

घर लागलं. चूल धुरते, पण ते घरोघरी असतं.

ही नेमणूक मी मागून घेतली हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कंटाळलो तर दुसऱ्याला शिव्या देता येणार नाहीत. सतराएक वर्षांपूर्वी इथे पहिली शाळा उघडली ती माझ्या वडिलांनी, अरेझकी मास्तरांनी. तेव्हा इमारत नव्हती, लष्कराचा एक फाटका तंबू होता. आमच्या घरी त्या तंबूच्या गोष्टी सांगून सांगून झिजल्या. बर्फाने तंबू कोसळला तरी अरेझकी मास्तरांनी धडा पुरा केला. लांडगे बाहेर फिरत होते आणि आत पोरं पाढे म्हणत होती. असं बरंच काही.

त्याआधीची गोष्ट कमी सांगितली जाते. फ्रेंचांविरुद्धच्या बंडानंतर आजोबांची जमीन सरकारने घेतली आणि समुद्रापलीकडून आलेल्या लोकांना वाटली. आजोबा त्याच जमिनीवर मजूर म्हणून राबले. पुढे त्याच सरकारने शाळा काढली आणि आजोबांनी वडिलांना तिथे बसवलं. जमीन गेली, भाषा मिळाली. आमच्या घराण्याची सगळी कमाई ही एवढी, आणि वडिलांचा आवाज.

तो आवाज खरोखर लाखात एक होता. खोल, भरदार. ते बोलले की भांड्यांनाही ऐकू जायचं. ते गेले तेव्हा आई म्हणाली, हरकत नाही, आवाज लुनिसकडे ठेवून गेलेत. मला त्याचा अभिमान होता, आहेही.

१२ ऑक्टोबर

शाळा सुरू झाली. पोरं हुशार आहेत आणि तितकीच वात्रट. पहिल्याच दिवशी एकाने माझ्या खुर्चीवर साळिंदराचा काटा ठेवला. मी तो उचलून कानामागे लेखणीसारखा खोचला आणि धडा चालू केला. तेव्हापासून आमचं जमलं.

शाळेचा शिपाई बासू. वय झालेला, एका डोळ्याने अधू, जिभेने धडधाकट. वडिलांच्या तंबूचे खुंटे त्यानेच ठोकले होते म्हणे. मी पहिल्यांदा हजेरी घ्यायला तोंड उघडलं, तेव्हा त्याच्या हातातला खराटा खाली पडला. मग ओशाळून म्हणाला, उन्हाने चक्कर आली. ऊन कुठे होतं?

चौकात म्हातारे मला बोलायला लावतात आणि डोळे मिटून ऐकतात. काय बोलतोय याकडे त्यांचं लक्ष नसतं, कसं बोलतोय ते ऐकतात. दहबियाला तर सगळ्या बायका सरळ 'सूनबाई' म्हणतात. किती मायेची माणसं आहेत ही. आमच्याकडे परक्या गावच्या मास्तरणीला कोणी पाणी विचारलं असतं तरी खूप.

२० ऑक्टोबर

वर्गाच्या खिडकीखाली रोज एक बाई येऊन बसते. लोकर कातते. चाळिशीच्या आतली असेल, सरळ पाठीची, हनुवटीवर निळं गोंदण. तिचं नाव इत्तो. एकटी राहते. बासूला विचारलं, ही कोणाची? तो म्हणाला, शाळेचीच समजा. मी हसलो. तो हसला नाही.

आज ती दहबियाकडे अंडी आणि लोण्याचा गोळा घेऊन आली. घेणार नाही म्हटलं तर तिला राग आला, घरातल्याकडून काय नाही म्हणायचं म्हणाली. मग तिने दहबियाच्या पोटावर हात ठेवला आणि विचारलं, "जागं आहे का?"

दहबिया म्हणाली, जागं म्हणजे काय, खेचरासारखं लाथा मारतंय. दोघी खूप हसल्या. मग इत्तोने ओढणीने डोळे पुसले. दहबियाला ती फार आवडली. मलाही.

२६ ऑक्टोबर

आज एक गंमत झाली, म्हणजे मला ती गंमत वाटली.

जेवणानंतरच्या तासाला अर्धा वर्ग पेंगतो. मागच्या बाकावरचा एकजण तर तोंड उघडं टाकून घोरत होता. लहानपणी वडील मला जसं उठवायचे तसं मी टेबलावर हात आपटला आणि वडिलांच्याच आवाजात गरजलो, "ऊठ रे! ऊठ, तुझा बाप आलाय!"

पोरगं दचकून उभं राहिलं आणि खरंच दाराकडे पाहायला लागलं. वर्ग हसून लोळला. मीही हसत होतो. तेवढ्यात बाहेर लोकर कातायची चाती दगडावर पडल्याचा आवाज आला.

खिडकीतून पाहिलं तर इत्तो उभी. दोन्ही हात पोटावर घट्ट धरलेले, तोंड पांढरं. मी विचारलं, काय झालं, दुखतंय का? ती लोकर तिथेच टाकून घराकडे गेली, पाणी भरलेला हंडा सांभाळत जावं तशी सावकाश.

२९ ऑक्टोबर

बासूने सांगितलं. मीच खोदून विचारलं, त्यामुळे दोष त्याचा नाही.

आमच्या बोलीत पाव्हणा म्हणजे दारात आलेला कोणीही. इथल्या बोलीत पाव्हणा म्हणजे जावई, आणि जावयाच्या घरचं माणूस. दुसरा अर्थच नाही. गाव महिनाभर मला माझं नातं तोंडावर सांगत होतं आणि मी मध चाटत होतो.

माझ्या वडिलांनी इत्तोशी निकाह केला होता. रीतसर, साक्षीदारांसमोर, फातिहा म्हणून. घरी माझी आई होती, मी होतो, आणि इथे हे. मग बदलीचा हुकूम आला. इत्तोला तेव्हा दिवस गेलेले. बर्फ वितळलं की येतो, असं सांगून ते गेले. ते आलेच नाहीत. आमच्याकडे गावात मास्तर होऊन, लोकांचे मुजरे घेत म्हातारे झाले आणि मला रोज खरं बोलण्याचे धडे दिले.

इथे सातव्या दिवशी बापाने मेंढा कापायचा आणि पोराचं नाव घ्यायचं. बाप नाही तर मेंढा नाही, मेंढा नाही तर नाव नाही, आणि नाव नसलेलं पोर म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाहून हलकं. इत्तोचे भाऊ तिला म्हणाले, पाड. ती मशिदीतल्या फकीकडे, म्हणजे मौलवीकडे गेली, त्याने ताईत लिहून दिला, तो तिने कमरेला बांधला आणि पोर निजवलं. बाप येईपर्यंत पोटात निजून राहायचं.

निजलेलं पोर. आमच्या डोंगरातही बायका कुजबुजत असं बोलतात. नवरा परमुलखात असताना कोणा बाईला पोर झालं, की ते निजलेलं होतं, आता जागं झालं म्हणतात आणि सगळे मान डोलावतात. दयाळू थाप आहे. मी शिकलेला माणूस आहे, मला ती तशीच कळते.

पण इत्तोला पोर झालंच नाही, बासू म्हणाला. दुसरा नवराही तिने केला नाही. तिने नुसती वाट पाहिली.

"आणि परवा तुम्ही हाक मारलीत, मास्तर," तो म्हणाला. "त्याच आवाजात. तिला हालचाल कळली."

मी त्याला हाकलून दिलं. वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून पेटीत टाकला. मला त्यांची लाज वाटते, आणि ही लाज आता मी कोणाला दाखवू? ते मेले, सुटले.

२ नोव्हेंबर

आज इत्तो घरी आली. रिकाम्या हाताने, धुतलेला पोशाख करून. मी तिला बसा म्हटलं, ती बसली नाही. दहबिया आतल्या दारात उभी होती.

तिचं मागणं साधं होतं. तिला पैसा नको, जमीन नको. पोर जन्मलं की सातव्या दिवशी मी मेंढा कापावा आणि गावासमोर म्हणावं, की हे अरेझकीचं पोर, माझा भाऊ. म्हणाली, "पोरा, तुझ्याकडून एक शब्द मागतेय. तुझ्या बापाने तोही दिला नाही."

मला वाईट वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. पण त्याच वेळी डोळ्यांसमोर आई आली, गावातला तिचा मान आला. साहेब काय म्हणतील तेही आलं. आणि सगळ्यात जास्त राग याचा आला, की वडिलांनी खाल्लं आणि हात मी धुवायचे. मी तिला म्हणालो, बाई, सतरा वर्षांचं पोर पोटात नसतं, तुम्हाला पोटाचा आजार असेल, डॉक्टरला दाखवा. ती म्हणाली, आजार लाथा मारत नाही.

तेव्हा माझा तोल गेला. मी ओरडलो. वडिलांचा तो भरदार आवाज पुरा लावून ओरडलो, "माझ्या बापाच्या रक्ताचं जे काही या गावात कोणाच्या पोटात असेल, ते निजू दे! कायमचं निजू दे!"

इत्तो माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. हळू म्हणाली, "बोललास ते परत घे. दारात कोण उभं आहे बघ आधी."

मी परत घेतलं नाही. दार उघडून धरलं. ती गेली.

५ नोव्हेंबर

दहबिया म्हणते, तीन दिवस झाले, लाथ नाही.

मी म्हणालो, दमलं असेल. ती म्हणाली, तुम्ही ओरडलात तेव्हापासून.

११ नोव्हेंबर

हद्दा या गावची सुईण आहे. तिला बोलावलं. तिने दहबियाला पालथ्या हाताने, मग कान लावून तपासलं. मला बाहेर यायला सांगितलं.

म्हणाली, मेलेलं नाही. मेलेल्याने पोट थंड पडतं, हे ऊबदार आहे. पोर निजलंय.

मी म्हणालो, हा अडाणीपणा माझ्या घरात नको. हद्दाने माझ्याकडे पाहिलं, ओरडलेल्या माणसाकडे पाहतात तसं. "मास्तर, तुमच्या पोराच्या अंगात तुमच्या बापाचं रक्त आहे की नाही?" एवढंच विचारलं तिने.

इत्तोचं तर आधीच जागं झालं होतं. त्याला हाक आधी मिळाली होती. मग 'निजू दे' ही माझी दुसरी आज्ञा ऐकायला या गावात उरलं कोण?

मी हे लिहितोय आणि मला माहीत आहे हे खुळचटपणाचं आहे. तरी उद्या दहबियाला घेऊन डोंगराखाली डॉक्टरकडे जातोय.

१७ नोव्हेंबर

परत आलो. डॉक्टर फ्रेंच आहे, म्हातारा आणि भला. त्याने नळी लावून बराच वेळ ऐकलं. ठोके आहेत, म्हणाला, पण फार सावकाश. असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. मी विचारलं, कशासारखे? तो जरा घुटमळला आणि म्हणाला, गाढ झोपलेल्या माणसासारखे.

फेब्रुवारीत, दिवस भरले की घेऊन या, म्हणाला. तोवर वाट बंद झालेली असेल हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

येताना इत्तो ओढ्यावर दिसली. कपडे धूत होती. तिचं पोट आता सगळ्या जगाला दिसतं.

२ डिसेंबर

बर्फ. वाट गेली.

दहबिया बदलली आहे. पावलांचा आवाज न करता चालते, भांडं ठेवताना खाली फडकं घालते. मी जरा मोठ्याने बोललो की ओठांवर बोट ठेवते. काल म्हणाली, "हळू बोला, उठेल." मी म्हणालो, अगं, उठायलाच हवं आहे ना. ती विचार करत बसली. जणू तिला हे सुचलंच नव्हतं.

जेवत नाही फारसं. चेहरा मात्र शांत. मला तिच्या त्या शांतपणाची भीती वाटते.

९ डिसेंबर

जे निजवलं ते उठवता येईल. सरळ हिशोब आहे. आज शाळा सुटल्यावर दहबियाच्या पोटाशी तोंड नेऊन म्हणालो, ऊठ, तुझा बाप आलाय. एकदा, दोनदा, कितीदा तरी. हसू आलं, मग रडू आलं. दहबियाने माझ्या केसांतून हात फिरवला.

काही झालं नाही.

१३ डिसेंबर

काही झालं नाही असं लिहिलं ते चूक. बासू सांगत आला. मी जेव्हा जेव्हा हाक मारतो, तेव्हा तेव्हा गावाच्या त्या टोकाला इत्तो कळ येऊन खाली बसते. पोट चढतं. बायकांनी डोळ्यांनी पाहिलंय.

मी माझ्या पोराला हाक मारतो आणि उठतं ते तिचं.

बासू म्हणाला, "मास्तर, आवाज तुमचा कुठाय? तो तर अरेझकींचा. ज्याचा बाप हाक मारतो तो उठतो."

मग माझा आवाज कुठला? मी आज दुपारभर रिकाम्या वर्गात उभा राहून बोलून पाहिलं. घोगरं बोललो. बारीक बोललो. फ्रेंचमध्ये बोललो, कुजबुजलो. प्रत्येक वेळी वडीलच बोलले. माझा असा एकही शब्द सापडला नाही.

आजोबांकडे निदान जमीन तरी होती घालवायला.

६ जानेवारी १९३५

इत्तोच्या घरी गेलो. गुडघ्यापर्यंत बर्फ. वाटेत लोक बाजूला होत होते.

मी तिच्या पाया पडलो. म्हणालो, मेंढा कापतो. दोन कापतो. गावासमोर म्हणतो, माझा भाऊ, साहेबांसमोर म्हणतो, कुठे म्हणशील तिथे म्हणतो. फक्त माझं पोर उठव.

तिने मला चहा दिला. पुदिना नव्हता म्हणून तिला वाईट वाटलं. मनात राग नव्हता तिच्या, हे लिहायलाच हवं. ती खूप थकलेली होती.

म्हणाली, "तेव्हा एक शब्द मागितला होता तर दार दाखवलंस. आता माझ्या हातात नाही रे. त्याला हवं ते तो स्वतः घेणार आहे."

मी विचारलं, काय हवंय त्याला?

तिने पोटावरची ओढणी सारखी केली. म्हणाली, बापाचं जे काही राहिलं असेल ते.

मी निघालो तेव्हा तिच्या ओढणीखाली काहीतरी वळलं. एवढ्याशा पोराचं ते वळणं नव्हतं. कूस बदलतो मोठा माणूस, तसं.

१९ जानेवारी

शाळेत पोरं माझ्याकडे बघत नाहीत. हजेरी घेताना हात वर करतात. तोंडाने हजर म्हणत नाहीत. घरून सांगितलं असणार.

घसा बसलाय. थंडीने असेल.

२८ जानेवारी

दहबियाचं पोट वाढत नाही. सहाव्या महिन्यावर थांबलंय. तिला विचारलं, भीती नाही वाटत? ती म्हणाली, कशाची, निजलंय बिचारं. इत्तोआईंनी सतरा वर्षं सांभाळलं.

इत्तोआई म्हणते आता.

मी तिला गदागदा हलवलं. मग क्षमा मागितली. ती हसली, आणि ओठांवर बोट.

४ फेब्रुवारी

आज आमचे दिवस भरायचे होते.

सकाळपासून हद्दा इत्तोकडे आहे. बायका जातायत, येतायत. आमच्याकडे कोणी नाही. दहबिया चुलीपाशी बसून लहान टोपरं विणतेय. कोणासाठी, विचारायची हिंमत —

दुपार. जन्मलं. गजर नाही झाला. एकही बाई ओरडली नाही. मग रडणं ऐकू आलं.

ते रडणं नव्हतं.

बासू दारात उभा होता. अधू डोळ्यातूनही पाणी. म्हणाला, "मास्तर, हाक मारतायत ते."

आवाज. गावाच्या त्या टोकापासून इथवर स्पष्ट. खोल, भरदार. भांडी थरथरली. मी लहान झालो एकदम, अंथरुणातून उठून बसणार होतो —

मी बासूला दार लाव म्हणालो. म्हणालो असं मला वाटलं. तोंड उघडलं, ओठ हलले —

काही नाही.

६ फेब्रुवारी

आवाज नाही. घसा दुखत नाही, सुजलेला नाही. हवा येते आणि जाते. एवढंच.

दहबियाला पाटीवर लिहून दाखवलं. तिला वाचता येत नाही. लग्नानंतर शिकवीन म्हणालो होतो. राहिलं.

त्याने घेतला. बापाचं जे राहिलं होतं ते. माझ्याकडे तेवढंच होतं. आणि मी किती मिरवलं —

८ फेब्रुवारी

शाळा भरते. मी घेत नाही. खिडकीखाली इत्तो बसते मांडीवर गुंडाळलेलं घेऊन. आणि पोरं आत मोठ्याने धडा म्हणतात. कोणीतरी सांगतं, ती मागून म्हणतात.

मी गुंडाळ्यात पाहिलं नाही. हद्दाने पाहिलं. ती कोणाशी बोलत नाही आता.

१० फेब्रुवारी

उद्या सातवा.

बासू येऊन गेला. बाहेरून बोलला. म्हणे मेंढा आणलाय. म्हणे गावाला वाटतं पाव्हण्यांनी दारात यावं, झालं गेलं विसरावं. म्हणे मास्तर, एक मान हलवलीत तरी चालेल, नाव तो स्वतः सांगणार आहे.

कडी घातलीय. वर बाक लावलाय शाळेचा.

दहबियाला घट्ट धरून बसलोय. कान तिच्या पोटाशी. एक ठोका. खूप वेळ. एक ठोका. पोरा, मी बाप. मी. ऐकू येत नाही तुला, माहीत आहे, तरी —

११ फेब्रुवारी

ऊन पडलंय. बाहेर सगळं गाव. मेंढा ओरडला, मग थांबला.

नाव घेतलं गेलं. अरेझकी. त्यानेच घेतलं.

आता पावलं. इत्तोची — आणि तिच्या कडेवर —

दाराशी आले. दहबिया निजलीय माझ्या मांडीवर. मी तिचे कान झाकले दोन्ही हातांनी — लिहायला एक हात काढला फक्त —

दारावर थाप. टेबलावर हात आपटावा तशी.

"ऊठ रे. ऊठ, तुझा बाप आलाय."

हललं. कानावरचा हात तिच्या पोटावर नेला, हाताखाली हललं. लाथ — देवा, लाथ मारली — जागं झालं माझं —

दहबिया उठली. हसतेय, किती दिवसांनी हसतेय मोठ्याने. म्हणाली, ऐकलंत, जागा झाला, त्याचा बाप आला. बाक ओढतेय. मी तिचा हात धरला, मी छातीवर हात मारून दाखवतोय, मी, मी आहे बाप, इथे — ओरडतोय — ती बघत नाही — कडी काढली — पोटातलं त्या आवाजाकडे वळतंय, मला दिसतंय वळताना — दहबिया, त्याला सांग, बाप मी, लुनिस, बाप म